रायनरच का? तुम्ही विचारलंत म्हणून

भावानं विचारून झालं, ऑफिसातल्या पोरांनी विचारून झालं. मागच्या महिन्यात एका लग्नात, ताटात जिलबी पडत असताना, शेजारच्या अनोळखी मुलानं माझ्या मोबाइलचं कव्हर बघून विचारलं. ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये, म्हणजे माणसं खाणाऱ्या टायटन राक्षसांपासून भिंतींआड लपलेल्या लोकांच्या त्या जपानी चित्रकथेत, लेव्ही आहे, एर्विन आहे, मिकासा आहे, आणि तुम्हाला रायनर ब्राउनच सापडला? शत्रूकडून आला, आर्मर्ड टायटन होऊन भिंत त्यानं फोडली, तीन वर्षं सैन्यातल्या पोरांबरोबर एका ताटात जेवला आणि शेवटी त्यांच्यावरच उलटला. त्याचा एवढा पुळका कशाला?

आजवर मी “आवडतो, झालं” म्हणून विषय टाळत आले. आता एकदाच लिहून टाकते. ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे.

मी रायनरची वकिली करत नाही, हे आधी. वॉल मारिया, म्हणजे सगळ्यात बाहेरची भिंत, गेली ती त्याच्यामुळे. त्यानंतर धान्य पुरेना म्हणून अडीच लाख लोकांना जमीन परत मिळवायच्या नावाखाली बाहेर मरायला धाडलं, त्यातले मोजकेच परतले. त्या मुडद्यांचा हिशेब त्याच्याच नावावर आहे आणि तो तिथेच राहू दे.

पण मग हिशेब सगळ्यांचा मांडा ना. कमांडर एर्विननं नवी, कोवळी पोरं शत्रूच्या बीस्ट टायटनच्या दगडांच्या माऱ्यात घोड्यावरून नेली आणि त्या आधी लेव्हीपाशी कबूल केलं, की मला खरं तर फक्त त्या तळघरात काय आहे ते बघायचंय. त्याचं भाषण तुमची रिंगटोन आहे. रायनरबरोबर आलेल्या ॲनीला वडिलांकडे परत जायचं होतं, म्हणून तिला माफ. कथेचा नायक एरेन, त्यानं तर जगातली ८० टक्के माणसं पायाखाली चिरडली, त्याचे टी-शर्ट घालून तुम्ही मला रायनरबद्दल विचारता. मारण्याला तुमची हरकत नाहीच. तुमची हरकत त्याच्या रडण्याला आहे. मारायचं तर ताठ मानेनं मारावं, हा काय मधेच हुंदके देतो!

आणि कृपा करून कर्ण आणू नका. प्रत्येक वेळी कोणीतरी आणतंच. आपल्याकडे कर्णावर जीव टाकायची फार जुनी सवय आहे, मलाही होती. पण कर्णावर प्रेम करणं सोपं आहे, कारण त्याच्यावर अन्याय झाला. रायनरवरही झालाय. मार्ले या शत्रूदेशात, लिबेरिओच्या कोंडवाड्यात दंडाला पट्टी बांधून वाढलेला पोरगा, बाप राज्यकर्त्यांपैकी, मार्लेचा, ज्यानं त्याला झिडकारून लावलं, आणि आईनं डोक्यात भरवलेलं, की तू योद्धा झालास तर आपण तिघं एकत्र राहू. पण शंभराव्या चॅप्टरमध्ये काय होतं? त्याच्यासमोर बसलेला एरेन त्याला आयती सुटका देऊ करतो. तू लहान होतास, तुला शिकवलंच तसं, तुझा काय दोष. आणि रायनर गुडघ्यावर येऊन म्हणतो, नाही. आमचा म्होरक्या मार्सेल मेल्यावर ॲनी आणि बर्टोल्ट, बाकीचे दोघं, परत जाऊ म्हणत होते, मीच त्यांना पुढे रेटलं, कारण मला हिरो व्हायचं होतं. परिस्थितीबिरिस्थिती काही नाही, हे माझंच.

ते पान वाचताना मला काय झालं हे सांगायचं तर एक दुसरी गोष्ट सांगावी लागेल. ती मी कोणाला सांगितलेली नाही.

२०२३. हिंजवडीतली एक कंपनी, नाव घेत नाही. मी आठ जणांची टीम लीड. माणसं कमी करायची असं वरून आलं होतं आणि प्रत्येक टीममधून एक नाव संध्याकाळपर्यंत हवं होतं. मॅनेजर म्हणाला, “तू करशील ना? पुढच्या रोलसाठी असे निर्णय घेता यावे लागतात.” मी म्हटलं, करते. एक्सेलची शीट होती. माझ्या टीममधला एक जण, त्याला मित्रच म्हणते, त्या वर्षी वडिलांच्या बायपाससाठी पाच आठवडे रजेवर होता. साहजिकच त्याचे तास सगळ्यात कमी. कामाला तो आमच्यात सगळ्यात चोख होता, हे मला माहीत होतं, पण शीटमध्ये चोखपणाचा रकाना नव्हता. त्याचं नाव गेलं.

त्यानंतर नऊ दिवस मी त्याच्याबरोबर रोज चहा प्यायले. अगदी नेहमीसारखा, टपरीवर, अर्धा-अर्धा. आपण काही लपवतोय असं मला वाटतच नव्हतं. खोटं वाटेल तुम्हाला, पण शीट भरणारी मी आणि चहा पिणारी मी यांची गाठच पडत नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी अकराला त्याला एचआरचं बोलावणं आलं, साडेबाराला लॅपटॉप जमा. त्याच्या डेस्कवरचं मनीप्लांट आणि एक टवका उडालेला मग मी उचलला आणि त्याच्याबरोबर पार्किंगमध्ये खाली गेले. पाऊस भुरभुरत होता. त्यानं तो मग पिशवीत घालून स्कूटरच्या हुकला अडकवला, कुंडी पायाशी ठेवली, ती कलंडू नये म्हणून हेल्मेटच्या पिशवीचा टेकू लावला. हे सगळं अगदी सावकाश, जणू दुसरं काही कामच नाही. आणि मी रडायला लागले. चांगली हुंदके देऊन. म्हणाले, “अरे पण तुलाच का? एवढ्या लोकांत तुलाच का काढलं रे यांनी?”

हे नाटक नव्हतं. तुम्ही काहीही म्हणा, नव्हतं. त्या क्षणी मला खरंच कळत नव्हतं की त्यालाच का. मला कंपनीचा खरा संताप आला होता.

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, “जाऊ दे गं. तुझ्या हातात काय होतं?”

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका रविवारी, मी एकोणिसावा व्हॉल्यूम उघडला. त्याचाच, त्यानं वाचायला दिलेला. त्यात सत्त्याहत्तरावा चॅप्टर आहे. त्यांच्याच तुकडीतला मार्को चुकून रायनर आणि बर्टोल्टचं बोलणं ऐकतो, रायनर त्याला कौलांवर दाबून धरतो आणि ॲनीला त्याची उपकरणं काढून घ्यायला लावतो. मार्को ओरडत राहतो, की आपण अजून नीट बोललोही नाही आहोत. टायटन येतो. आणि ज्यानं दाबून धरलं होतं तोच रायनर डोळ्यांत पाणी आणून विचारतो, अरे, मार्कोला का खाल्लं जातंय?

मी पुस्तक पालथं घातलं आणि गॅसवर काही नसताना गॅस बघायला स्वयंपाकघरात गेले.

आता गंमत बघा. हाच चॅप्टर मी २०१६ मध्ये आला तेव्हाच वाचला होता. कॉलेजच्या ग्रुपवर मी त्यावर भलामोठा मजकूर टाकलेला, अजून सापडतो. ‘ढोंगी’ हा शब्द त्यात चार वेळा आहे. मी लिहिलंय, की माणसाला एक तर माहीत असतं किंवा नसतं, हे मधलं काहीतरी म्हणजे लेखकाची पळवाट. तेव्हाची ती एकवीस वर्षांची मुलगी आज भेटली तर मी तिला काय सांगू? ती म्हणेल, ताई, तुझ्या अंगाशी आलं म्हणून तुला रायनर कळायला लागला, यात तुझी समज कुठे वाढली? सोय झाली तुझी. आणि ते मला खोडता येत नाही. रायनर मला आवडतो, कारण तो आवडला की मी थोडी बरी ठरते. असेलही तसं.

पण मग मी तिला सत्त्याण्णवावा चॅप्टर दाखवीन. रायनर बंदुकीची नळी तोंडात घालून बसलाय, बाहेर त्याच्याकडे शिकणारा फाल्को निराशेनं भिंतीवर मूठ आपटतो आणि त्या आवाजानं तो थांबतो. लेखक इसायामानं त्याला मरूही दिलं नाही. माफीही नाही, सुटकाही नाही, उठायचं आणि पोरांना शिकवायला जायचं. यात मला बरं ठरवणारं काय आहे?

काही जण म्हणतात, तो मनानं दुभंगला होता, भिंतीआडचा सैनिक वेगळा आणि मार्लेचा योद्धा वेगळा, म्हणजे आजारीच. आजारी माणसाला काय दोष द्यायचा? मला हे पटत नाही. दुभंग आहे, पण तो आकाशातून नाही पडला. रोज थोडा थोडा, सोयीसोयीनं, त्यानंच पाडलाय. मोठा भाऊ म्हणवून घ्यायलाही त्याला आवडत होतं आणि हिरो म्हणून घरी परतायलाही. दोन्ही हवं होतं, बस. मलाही बढती हवी होती आणि टपरीवरचा चहाही.

बढती मिळाली, हे सांगायचं राहिलं.

लोक म्हणतील, तुलना अती आहे. कोणी मेलं नाही. त्याला दोन महिन्यांत दुसरी नोकरी लागली, पगारही वाढला, वडील ठणठणीत आहेत. खरं आहे. मीही स्वतःला हेच सांगत असते, विशेषतः रात्री. आणि वर बघा, शीटबद्दल लिहिताना मी काय लिहिलंय. ‘त्याचं नाव गेलं.’ गेलं! जसं काही स्वतःच उठून चपला घालून गेलं. हे वाक्य मी तीनदा खोडून तसंच ठेवलंय. रायनरला जे गुडघ्यावर येऊन म्हणता आलं, ते मला मराठीतला एक कर्ता जागेवर बसवून म्हणता येत नाही.

मी नाव दिलं. घ्या.

रायनरच का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा कोणी विचारलाय, माहितेय? त्यानंच. आम्ही अजून भेटतो. तो लेव्हीवाला आहे, दर वेळी सुरू करतो, “तुझा तो रडका आर्मर्ड काय म्हणतोय? नक्की काय बघितलंस गं त्याच्यात?” मी काहीतरी बोलून हसवते. एकोणिसावा व्हॉल्यूम अजून माझ्याकडेच आहे. सेटमधला तेवढाच नाही म्हणून त्याच्या कपाटात अठरा आणि वीसच्या मधे फट दिसते. तो मागतो, मी म्हणते, पुढच्या वेळी नक्की आणते.

येत्या शनिवारी भेटायचं ठरलंय. पुस्तक पर्समध्ये घातलंय. काल रात्री परत काढून ठेवलं होतं, आज सकाळी पुन्हा घातलं.