जुना नकाशा घेऊन कोयनेच्या पाण्यावर

साताऱ्याजवळच्या बामणोलीला लोक वासोटा किल्ल्यासाठी जातात. मी जानेवारीत गेलो तो धरणाआधीची कोयना शोधायला. एक इंचाला एक मैल या प्रमाणातला सर्वेक्षण खात्याचा जुना नकाशा सोबत होता. त्यात शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, नाहीच. महाबळेश्वराकडून दक्षिणेला उतरणारी कोयना, तिला बामणोलीजवळ मिळणाऱ्या सोळशी आणि कांदाटी, काठाने पिवळी शेतं आणि वाड्यावस्त्यांचे तांबडे ठिपके.

साताऱ्याहून कासमार्गे सकाळी लवकर पोचा. वासोट्याला जायचं तर वनखात्याची परवानगी काढावी लागते, आणि अभयारण्य असल्याने संध्याकाळच्या आत परतावं लागतं. मी फक्त बोट ठरवली.

बोटवाले काका सत्तरीचे. नकाशावरची नावं इंग्रजीत, त्यातही साहेबी स्पेलिंगमध्ये. मी मोठ्याने वाचायचो, काका हसून खरं नाव सांगायचे. तुम्हीही असंच करा. नुसतं बघून निम्मी गावं ओळखू येत नाहीत. मधेच त्यांनी इंजिन बंद केलं आणि नकाशावर नदीच्या वळणाशी बोट टेकवलं. "हितं आमचं भाताचं वावर हुतं. आता आपून त्येच्यावर हाय." लाटा बोटीवर आपटत होत्या, आम्ही दोघंही गप्प बसलो.

नकाशा मोबाइलवर जुळवताना नदीच्या भरवशावर राहू नका, ती बुडाली आहे. डोंगराची शिखरं आणि सोंडा धरा. जुन्या नकाशांचा अक्षांश-रेखांशाचा पाया जीपीएसपेक्षा वेगळा, त्यामुळे खूण शंभर-दोनशे मीटर सरकलेली दिसते. उंची फुटांत असते, ३.२८ ने भागा. सर्वेक्षण खात्याच्या नकाशाचं मूळ पत्रक मिळालं नाही तर अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसचे १९५०च्या दशकातले नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पण त्यांचं प्रमाण १:२,५०,०००. खोऱ्याचा आकार कळतो, घरं नाही. सर्वेक्षण खात्याकडे मागताना ४७ जी या क्रमांकाची पत्रकं मागा.

पाणी उतरलेलं हवं असेल तर मे महिना बरा. ऊन मात्र सोसावं लागेल.

आणि नकाशाच्या दोन प्रती न्या. माझी एक काकांनी मागून घेतली. त्यांच्या थोरल्या भावाचं पुनर्वसन सोलापूरकडे झालंय, त्याला आपलं घर दाखवायचं होतं.