आमची वाटचाल: काट्यावरचे 10,000 ब्रश

लातूरच्या मोंढ्यात आडतीच्या हिशेबाचे प्रोग्राम टर्बो पास्कलमध्ये, म्हणजे पास्कल भाषेच्या जुन्या साधनात लिहून दिले, तिथून आमची सुरुवात. डेल्फी, म्हणजे विंडोजसाठीचं पास्कल, हाती आल्यावर डाळमिलांचे वजनकाटे मिळाले. मग पावतीवर ट्रकचा फोटो हवा, अशी मागणी आली.

कॅमेऱ्याची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, सी++ या दुसऱ्या भाषेतली. सी++ चा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, क्लासमधल्या फंक्शनांची नावं स्वतःच्या पद्धतीने गुंफतो आणि प्रत्येक कॉलसोबत ऑब्जेक्टचा पत्ता गुपचूप पाठवतो. पास्कलमधून थेट कॉल जमेना. म्हणून मधे सी++ मध्येच एक छोटी डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला जोडायची वेगळी फाइल, लिहिली: साधी फंक्शनं, नावं न गुंफणारं एक्स्टर्न सी, दोन्ही भाषांना कळणारी एसटीडीकॉल ही कॉलची पद्धत, ऑब्जेक्टऐवजी नुसता पॉइंटर, म्हणजे पत्ता. फोटोवर वजनाची पट्टीही तीच रंगवायची, काटा हलत असला की लाल, स्थिरावला की हिरवी.

ऐन तुरीच्या हंगामात फोन आला, "अण्णा, पडदा गोठला, वजन दिसंना." नऊला सुरू केलेला प्रोग्राम पावणेबाराला बंद. पुन्हा चालू केला की पुन्हा पावणेतीन तास. बाहेर ट्रकांची रांग. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका फर्मचा माणूस मिलामिलांत सांगत फिरला की पास्कल मेलेली भाषा आहे. आमची तीन गिऱ्हाइकं गेली. ते अजून सलतं, कारण दोष पास्कलचा नव्हताच.

एक शेठजी थांबले. आठ दिवस त्यांनी हाताने पावत्या फाडल्या, पैसे कापले नाहीत.

मी टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा, म्हणजे विंडोजच्या चित्र काढायच्या वस्तूंचा, कॉलम लावून काट्याच्या खोलीत बसलो. आकडा सेकंदाला एकाने चढत होता. विंडोज एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, मुळात अशा 10,000 च वस्तू देतं. इतके सेकंद म्हणजे पावणेतीन तास! डीएलएल दर सेकंदाला पट्टीसाठी नवा ब्रश, म्हणजे रंग भरायची तसलीच एक वस्तू, बनवत होती, सोडत कुणीच नव्हतं. डेल्फीचा स्वतःचा ब्रश, टीब्रश, आपलं आपण आवरतो, त्या सवयीने मी बेसावध राहिलो. जुना ब्रश डीसीत, म्हणजे विंडोज ज्यावर रंगवतं त्या पाटीत, परत निवडायचा, मग आपण बनवलेल्यावर डिलीटऑब्जेक्ट चालवायचं, म्हणजे तो मोडायचा. दोन ओळी.

नव्या पोरांनो, ज्या बाजूने वस्तू बनली त्याच बाजूने ती मोडा. स्ट्रिंगची मेमरीसुद्धा. आणि एक्सेप्शन, म्हणजे चालताना उठलेली चूक, डीएलएलच्या उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका.

पुढची वर्षं सुरळीत गेली. शेठजींच्या काट्यावर आता लॅझरसमधला, म्हणजे फ्री पास्कल या फुकट कंपायलरवर चालणाऱ्या डेल्फीसारख्या साधनातला प्रोग्राम आहे, डीएलएल तीच. 64 बिटचा प्रोग्राम 32 बिटची डीएलएल उचलत नाही, म्हणून तिथे फ्री पास्कल अजून 32 बिटचाच ठेवलाय.