आपल्या बोलीत सांगा

रविवार, ८ जून २०२५. पेन्टेकॉस्ट, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाचा सण.

आज सकाळच्या उपासनेत तिसरे गीत संपल्यावर एका तरुण भावाने अन्य भाषेत, म्हणजे पवित्र आत्म्याने दिलेल्या पण बोलणाऱ्यालाही न कळणाऱ्या भाषेत, मोठ्याने प्रार्थना केली. ती जेमतेम अर्धा मिनिट चालली असेल. सगळी मंडळी एकदम आपापल्या परीने अन्य भाषेत स्तुती करते किंवा आत्म्यात गाते, तेव्हा आमच्याकडे कोणी अर्थाची वाट पाहत नाही, कारण ती ज्याची त्याची देवाजवळची प्रार्थना असते. परंतु एकच आवाज वर उठतो आणि बाकीचे आपोआप शांत होतात, तेव्हा ते बोलणे साऱ्या मंडळीचे होते आणि मंडळीला त्याचा अर्थ मिळालाच पाहिजे. पाळकसाहेबांनी हात किंचित वर करून सर्वांना थांबण्यास सांगितले, आणि भाड्याच्या त्या सभागृहात पंख्यांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येईनासे झाले.

अशा प्रार्थनेचा अर्थ मंडळीला सांगण्याचे दान माझ्याकडे आहे. मला त्या शांततेत काय होते, हे अनेकांनी विचारले आहे, म्हणून आज ते नीट लिहून ठेवते. उच्चारलेल्या शब्दांचे मराठी शब्द मला ऐकू येत नाहीत. आधी फक्त त्या प्रार्थनेचा रोख जाणवतो, म्हणजे ती स्तुती आहे की विलाप, की कोणासाठी केलेली विनवणी. मग एक वाक्य येते, कधी कधी अर्धेच. ते उच्चारल्याशिवाय पुढचे येत नाही, आणि म्हणूनच तोंड उघडताना दर वेळी छाती धडधडते. पुढचे आलेच नाही तर काय, ही भीती चौदा वर्षांनंतरही गेलेली नाही. आज जे आले ते आभाराचे होते. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य भीतीने दारे बंद करून बसले होते आणि प्रभू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला, त्या प्रसंगाशी जुळणारे ते होते. मी उठून म्हटले, "हे परात्पर प्रभो, भयाने आम्ही द्वारे बंद केली असताना तू आम्हांमध्ये प्रविष्ट झालास, म्हणून आम्ही तुझे स्तवन करतो." आणखी दोन वाक्ये याच थाटाची बोलून मी बसले.

उपासनेनंतर दाराजवळ चपला घालत असताना जालन्याकडच्या एक वयस्क मावशी माझ्याजवळ आल्या. त्या मुलाकडे राहायला पुण्यात आल्या आहेत आणि तीन महिन्यांपासून आमच्या सहभागितेत येतात. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही लई चांगलं सांगितलं, पण मला काय समजलं नाही. आपल्या बोलीत सांगा की." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी त्यांना म्हटले, "देवा, आम्ही भिऊन दार लावून बसलो होतो, तरी तू आत आलास." मावशींनी डोळे मिटले आणि तिथेच, चपलांच्या त्या गर्दीत, म्हणाल्या, "आमेन."

हे आमेन उपासनेत यायला हवे होते. बायबलातील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौलाने नेमके हेच विचारले आहे: तू आत्म्याने उपकारस्तुती केलीस, पण तू काय बोलतोस हे ज्याला कळत नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसे म्हणणार? तुझी उपकारस्तुती चांगली आहे खरी, पण दुसऱ्याची उन्नती होत नाही. आजवर मी हे वचन अन्य भाषा बोलणाऱ्यांसाठी आहे असे समजत होते. ते अर्थ सांगणाऱ्यालाही लागू पडते, हे मला आज एका मावशींनी दाखवले.

सोमवार, ९ जून.

रात्री झोप लागली नाही म्हणून पहाटे ते पत्र शेवटपर्यंत वाचले. सोळाव्या अध्यायात पौल लिहितो की, पेन्टेकॉस्टपर्यंत मी इफिस येथे राहीन. हे वाक्य मी कितीदा तरी ओलांडून पुढे गेले असेन. म्हणजे अन्य भाषा आणि त्यांचा अर्थ यांविषयीच्या या सगळ्या सूचना त्याने पेन्टेकॉस्टचा सण समोर असताना लिहिल्या. यरुशलेमेत त्या सणाच्या दिवशी पार्थी, मेदी, एलामी अशा कितीतरी प्रदेशांच्या लोकांनी देवाची महत्कृत्ये आपापल्या जन्मभाषेत ऐकली, आणि तिथे अर्थ सांगणाऱ्याची गरजच पडली नाही. करिंथात मात्र ती पडली. करिंथ हे दोन बंदरांचे शहर होते. एका बाजूला लेखायोन आणि दुसऱ्या बाजूला किंख्रिया, आणि इसवी सनापूर्वी ४४ मध्ये रोमी वसाहत म्हणून ते पुन्हा वसवले गेल्यावर तिथे नाना प्रदेशांची माणसे येऊन राहिली होती. परक्या भाषेचा अनुभव त्या मंडळीला रोजचा होता. बोलणाऱ्याला मी परका आणि मला बोलणारा परका, हे पौलाचे शब्द त्यांना बाजारातल्या अनुभवावरून लगेच पटले असतील.

मूळ ग्रीक भाषेत अर्थ सांगण्यासाठी पौलाने जे क्रियापद योजले आहे, तेच शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकने दोन ठिकाणी वापरले आहे. टबीथा या नावाचा अर्थ दुर्कस, असे सांगताना ते येते; तिथे ते सरळ भाषांतर आहे. परंतु अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभूने दोघा शिष्यांना शास्त्रातील आपल्याविषयीच्या गोष्टी उलगडून सांगितल्या, तिथेही तेच क्रियापद आहे, आणि तिथे भाषांतराचा प्रश्न नव्हता, कारण शब्द त्यांना पाठ होते, फक्त उमगले नव्हते. मराठी पवित्र शास्त्रात या दानासाठी 'अर्थ सांगणे' असे शब्द आले, हे मला फार योग्य वाटते. अर्धा मिनिट चाललेल्या प्रार्थनेचा अर्थ दोन वाक्यांत कसा संपतो, किंवा दोन वाक्यांच्या प्रार्थनेला एवढा लांब अर्थ कुठून येतो, अशी शंका नवीन आलेली मंडळी प्रामाणिकपणे विचारतात. शब्दास शब्द लावायचा असता तर ती शंका बिनतोड ठरली असती.

एक गोष्ट मात्र मनाला बोचते आणि तीही इथे लिहिली पाहिजे. एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात अन्य भाषेतील एकच ध्वनिमुद्रण निरनिराळ्या अर्थ सांगणाऱ्यांना ऐकवले, तेव्हा प्रत्येकाने वेगळा अर्थ सांगितला. हे मी प्रथम वाचले तेव्हा दोन आठवडे उपासनेत तोंड उघडले नाही. आज मला असे वाटते की, हे दान पेटीत बंद करून ठेवलेल्या आवाजासाठी नाही, जमलेल्या मंडळीसाठी आहे. पण एवढे म्हणून मी स्वतःला सोडवून घेऊ शकत नाही. त्या प्रयोगाने माझ्या बोलण्यात एक बदल केला आहे. 'देव म्हणतो' असे मी आता म्हणत नाही. 'मला असा अर्थ मिळाला आहे, मंडळीने तो पारखावा' असे म्हणते.

गुरुवार, १२ जून.

आजच्या प्रार्थनासभेत विषय निघालाच. एका भावाने विचारले की, अन्य भाषा खऱ्या भाषा असतात का, आणि असतील तर कोणी तरी त्या ओळखायला नकोत का? मी त्याला आल्फ्रेड गार या अमेरिकी प्रचारकाची गोष्ट सांगितली. १९०६ साली लॉस एंजेलिस येथील अझुझा रस्त्यावरच्या, पेन्टेकॉस्टल चळवळीच्या सुरुवातीच्या सभांमध्ये त्यांना अन्य भाषांचा अनुभव आला आणि आपल्याला बंगाली भाषा मिळाली आहे अशा पूर्ण विश्वासाने ते पत्नीसह कलकत्त्यास आले. बंगाली लोकांना त्यांचे बोलणे कळले नाही. गार यांनी तो अनुभव टाकून दिला नाही, परंतु त्यामुळे भाषा शिकण्याचे काम वाचते ही समजूत सोडून दिली. माझ्या मते त्या वेळच्या सर्व घटनांमध्ये ही सर्वांत शिकवणारी आहे, कारण चूक त्यांच्या अनुभवात नव्हती, त्यांनी स्वतःच लावलेल्या अर्थात होती.

आमच्यासाठी अधिक जवळचे ठिकाण म्हणजे केडगाव. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीने दौंडच्या अलीकडे उतरले की पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींचे आश्रयस्थान. तिथे जून १९०५ मध्ये संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, सुरू झाले, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत मुली अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंनी ते थांबवले नाही. पण गेले चार दिवस मी रमाबाईंच्या दुसऱ्या कामाचा विचार करते आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. तीर्थक्षेत्री फिरत पुराणे वाचणाऱ्या त्या घरात रमाबाई संस्कृत ऐकतच वाढल्या, आणि पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटले. एवढी भाषा जिच्याजवळ होती, तिने आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. संस्कृत शब्दांनी भरलेली मराठी दुष्काळातून आलेल्या खेड्यातल्या बायकांना कळत नाही, हे त्यांनी रोज पाहिले होते. त्या बायका-मुलींनीच केडगावच्या छापखान्यात त्या बायबलाचे खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई देवाघरी गेल्या, त्याआधी थोडेच दिवस ते भाषांतर पूर्ण झाले होते.

आणि मी परवा उपासनेत 'प्रविष्ट' म्हटले.

हा शब्द मला कोणी दिला? जे मिळाले ते दार आणि भीती आणि आत येणारा प्रभू एवढेच होते. परात्पर, प्रविष्ट, स्तवन हे सगळे मी घातले, कारण गंभीर गोष्ट अशाच मराठीत बोलायची असते असे माझ्या मनाने धरले आहे. जुनी भाषांतरे ऐकत मी मोठी झाले, म्हणून ते शब्द मला पवित्र वाटतात, आणि त्यांवरचे माझे प्रेम काही खोटे नाही. पण माझ्या कानांना पवित्र वाटणारा शब्द मावशींच्या कानांवर अन्य भाषेसारखाच पडला.

यापेक्षा मोठी भर मी एकदा घातली होती. नऊ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका मंडळीत, अन्य भाषेतील प्रार्थनेचा अर्थ सांगताना मी शेवटी एक ताकीद जोडली: घरातल्यांशी समेट केल्याशिवाय वेदीजवळ येऊ नये. त्या सभेत एक बहीण बसली होती आणि तिच्या घरचा जमिनीचा वाद मला आदल्याच आठवड्यात कळला होता. ती ताकीद आत्म्याकडून आलेली नव्हती, ती माझ्या माहितीतून आणि माझ्या मतातून आली होती. ती बहीण पुढे पाच महिने उपासनेला आली नाही. मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली, आणि तिने ती दिली, हे तिचे मोठेपण. तेव्हा एका वडीलधाऱ्या पाळकबाईंनी मला जे सांगितले ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे: जे तुला आधीपासून ठाऊक आहे ते आधी बाजूला ठेव, आणि अन्य भाषा बोलणारा देवाशी बोलतो, म्हणून अर्थही बहुधा देवाशी बोललेलाच असेल, माणसाला रागावलेला नसेल. पेन्टेकॉस्टच्या दिवशी लोकांनी ऐकली ती देवाची महत्कृत्ये होती. पुढे रोमी शताधिपती कर्नेल्य याच्या घरी जमलेले लोकही अन्य भाषांत देवाची थोरवीच गात होते. या कसोटीला मी तेव्हापासून घट्ट धरून आहे.

भाषेची कसोटी आता तिच्या शेजारी लिहिली आहे. उठण्यापूर्वी मनातल्या मनात ते वाक्य मावशींना सांगून पाहायचे.

रविवार, १५ जून.

आज सेवक म्हणून माझे नाव नव्हते, तरी पुढच्या रांगेत बसले होते. प्रार्थनेच्या वेळी एका बहिणीने अन्य भाषेत प्रार्थना केली, लांब, शेवटी आवाज भरून आलेली. पाळकसाहेबांनी हात वर केला. सगळे थांबले.

मला काही मिळाले नाही. आवाज भरून आला होता म्हणून दुःखाविषयी काही बोलावे, असा विचार लगेच मनात आला, आणि तो कुठून आला हेही तितक्याच लवकर कळले. साधी, कळेल अशी, चार चांगली वाक्ये मी सहज बोलू शकले असते आणि सर्वांनी आमेन म्हटले असते. मी मांडीवरचे हात घट्ट धरून बसून राहिले. दोन मिनिटे गेली असतील. दुसरेही कोणी उठले नाही. मग पाळकसाहेबांनी त्या बहिणीला अतिशय प्रेमाने सांगितले की, ताई, अर्थ सांगणारा नसेल तेव्हा आपण मनात देवाशी बोलावे असे शास्त्र सांगते, तेव्हा तुम्ही तुमची प्रार्थना मनात चालू ठेवा, आणि तिचा अर्थ तुम्हालाच मिळावा म्हणून आम्ही तुमच्यासाठी मागतो. त्यांनी मागितले, आणि पुढचे गीत सुरू झाले.

नंतर ती बहीण माझ्याकडे आली. तिने विचारले, "ताई, खरंच काही नाही का मिळालं?" मी नाही म्हणाले. तिचा चेहरा उतरला, आणि मला वाईट वाटले. मी तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत चालत गेले. बस येईपर्यंत आम्ही तिच्या मुलाच्या दहावीविषयी बोललो.

घरी आल्यावर वही काढली. तारीख घातली आणि तिच्यापुढे लिहिले: अर्थ मिळाला नाही.