दोन्ही पॅनलच्या बायका एका पारावर

आज चोपडा तालुक्यात बचत गटाच्या बायकांसोबत बसले होते. विषय ग्रामपंचायत निवडणुकीचा. एक काकू सरळच म्हणाल्या, "मतदान व्हई जास, पन भांडण सरत नही. आमनं कोन आयकस?" खरंय. गुलाल उधळला की भाऊबंदकीत बोलणं बंद, सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी बंद. आणि झळ आधी घरातल्या बाईला.

मग मी आफ्रिकेतल्या लायबेरिया देशाचं सांगितलं. २००३ मध्ये तिथल्या ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका पांढरे कपडे घालून यादवी थांबवायला एकत्र बसल्या. २०११ च्या निवडणुकीत तिथल्या बायकांनी 'विमेन्स सिच्युएशन रूम' उभी केली. फोनवर तक्रार आली की जाणत्या बायका लगेच पक्षांशी, पोलिसांशी बोलायच्या. पुढे सेनेगल, केनियानेही हे उचललं. काकू पदर सावरून पुढे सरकल्या, "फोन कोन उचले?" कामाचा प्रश्न!

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १३२५ क्रमांकाचा ठराव २००० सालचा. शांततेच्या वाटाघाटीत बायका हव्यात, हे त्यात लिहिलंय. स्वीडनने २०१४ मध्ये स्त्रीवादी परराष्ट्र धोरण आणलं, म्हणजे इतर देशांशी वागताना बायकांचे हक्क आणि सहभाग पुढे ठेवायचा; २०२२ मध्ये नव्या सरकारने ते सोडलं. मला ते फार लागलं. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या, तरी बैठकीत बोलतात सरपंचबाईंचे यजमान.

ठरलंय असं: प्रचार सुरू झाला की दोन्ही पॅनलच्या घरांतल्या सासवा-सुना रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसणार. व्हॉट्सअॅपवर काही भडक आलं, तर आधी तिथे विचारायचं. फोन काकू उचलणार.