काळ्या वाळूवरून जुना प्रवाह ओळखताना

रत्नागिरीजवळच्या काळबादेवी ते मालगुंड पट्ट्यातल्या पुळणींवर काळे थर दिसले की नकाशावर जुन्या प्रवाहाचा लांबलचक बाण काढायचा मोह होतो. कोकणात हा बाण बहुधा चुकतो. थोड्या थोड्या अंतरावर भूशिरं समुद्रात घुसलेली आहेत. किनाऱ्यालगतचा प्रवाह वाळू नेतो, पण बरीचशी दोन भूशिरांमध्येच फिरवतो.

काळेपणा मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त जड खनिजांचा, मूळ दख्खनच्या बेसाल्टचं. इल्मेनाइटची घनता पाण्याच्या ४.७ पटीच्या आसपास, हलक्या वाळूतल्या क्वार्ट्झची २.६५ पट. पावसाळी लाटा पुळण खरवडतात, हलकी वाळू ओढून नेतात, जड मागे राहते. काळा थर वाचायचा तो हलकं काय गेलं हे कळण्यासाठी.

नमुना पृष्ठभागावरचा नको, तो गेल्या काही भरत्यांचा असतो. भरतीरेषेच्या वर कमरेइतका खड्डा घ्या, भिंत तासून साफ करा, प्रत्येक थरातून वेगळी अर्धा किलो वाळू भरा. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. मीठ राहिलं तर कण चिकटतात आणि चाळणी कणांची जाडी जास्त दाखवते. लोहचुंबकावर विसंबू नका: हातातला चुंबक मॅग्नेटाइट आणि बेसाल्टचे तुकडे उचलतो, इल्मेनाइट बहुतेक सोडून देतो. त्यासाठी जड द्रव हवा, ज्यात क्वार्ट्झ तरंगतं आणि जड खनिजं बुडतात. अशा द्रवांपैकी ब्रोमोफॉर्म विषारी, सोडियम पॉलिटंगस्टेट महाग, पण धुऊन पुन्हा वापरता येतं.

सगळ्यात जास्त फसवतं ते कणांचं माप. काळा थर बारीक, म्हणून प्रवाह मंद, असं नसतं. ०.१२ मिमीचा इल्मेनाइट कण साधारण ०.२ मिमीच्या क्वार्ट्झइतक्याच वेगाने बुडतो. तुलना क्वार्ट्झची क्वार्ट्झशीच करा.

आता जुनं किती? सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता; त्या वेळच्या पुळणी आज पाण्याखाली आहेत. पाणी आजच्या पातळीजवळ पोचलं ते सात-सहा हजार वर्षांपूर्वी. किनाऱ्यावर त्यानंतरच्या काळासाठी सोयीची करळ, म्हणजे चुन्याने सांधलेली पुळण. तिच्या थरांचा समुद्राकडचा उतार प्रवाहाचा नव्हे, जुन्या पुळणीचाच. प्रवाहाची दिशा हवी तर थरातले तिरपे पापुद्रे आणि तरंगखुणा शोधा. करळीतल्या शिंपल्याचं कार्बन वय काढलंत तर ते जीव मेल्याचं असतं. शिंपला आधीच्या पुळणीतून उकरून आलेला असू शकतो, तेव्हा करळ त्याहून तरुण धरा.