सेन्सरची काठी: नेम बसला, आता कंपनाचं काम

अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीवर मी सेन्सर बसवतो आहे: समोर अडथळा आला की मुठीतली मोटर थरथरून इशारा देते. त्यासाठीची मुठीजवळची डबी पुन्हा उघडली आणि आतली मांडणी बरीच बदलली. सर्वांत मोठा बदल म्हणजे एचसी-एसआर०४, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या (ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या) प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर, आता सरळ समोर बघत नाही, थोडा वर बघतो. काठी तिरकी धरली की डबी कंबरेच्या आसपास येते, आणि तिथून वर नेम धरला की छातीपासून डोक्यापर्यंतचा पट्टा टप्प्यात येतो. सेन्सरकडून मला एवढंच हवं आहे. पायरी, खड्डा, फूटपाथची कड हे काठीचं टोक सांगतं आणि चोख सांगतं. पण अर्धी उघडी खिडकी, वाकलेली फांदी, उभ्या ट्रकचा बाहेर आलेला फाळका यांच्या खालून काठी बिनबोभाट निघून जाते आणि कपाळ आपटतं.

खाली बघणारा आणखी एक सेन्सर लावावा, असं बरेच जण सुचवतात. १९७० च्या दशकातल्या लेझर केनमध्ये, म्हणजे अंधांसाठीच्या लेझरवाल्या काठीत, खरंच तीन किरण होते: वर, समोर आणि खाली. तरी मी तो लावणार नाही. अल्ट्रासाउंड गुळगुळीत जमिनीवर तिरका पडला की पुढच्या पुढे निसटतो, प्रतिध्वनी परत येतच नाही. मग 'प्रतिध्वनी नाही' याचा अर्थ खड्डा धरायचा की चकचकीत फरशी? ज्याच्या भरवशावर कुणी पाऊल टाकणार, त्यात अशी संदिग्धता मला चालत नाही.

वेळेचं गणित मात्र सोपं आहे. २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, त्यामुळे २ मीटरवरची फांदी साधारण १२ मिलिसेकंदांत कळते. जुना प्रतिध्वनी नव्या मोजणीत घुसू नये म्हणून दोन मोजण्यांत ६० मिलिसेकंद ठेवले आहेत. सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस तेवढ्यात जेमतेम ७ सेंटिमीटर पुढे सरकतो. तीन रीडिंगमधलं मधलं घेतलं की भरकटलेले आकडे गळून पडतात. याहून लांब फिल्टर लावायचा नाही, त्याचं कारण पुढे येईल.

व्हीएल५३एल१एक्स हा लेझरने अंतर मोजणारा सेन्सर जोडीला ठेवला आहे, पण दुय्यम म्हणून. कडक उन्हात त्याचा पल्ला बराच घटतो आणि स्वच्छ काचेतून तो आरपार बघतो. अल्ट्रासाउंडला समोरची काच भिंतीसारखीच लागते. उलट जाड, मऊ कपडे अल्ट्रासाउंड शोषून घेतात, तिथे लेझर उपयोगी पडतो.

आता खरा विषय. या टप्प्यात बहुतेक वेळ कंपनावर गेला, आणि तो तिथेच जायला हवा होता. माझ्या ओळखीच्या एक ताई रोज पांढरी काठी वापरतात. त्यांनी काठी हातात घेतली, थोडं चालून आल्या आणि म्हणाल्या, "अरे, मोटर सुरू झाली की मला जमीनच कळेनाशी होते." हे वाक्य मला सेन्सरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. डांबर, माती, फरशी, जाळी, प्रत्येकाची खरखर टोकापासून दांड्यातून वर येते आणि तोच हात ती वाचत असतो. आपण त्याच दांड्यावर मोटर घट्ट बसवतो आणि ती खरखर बुडवून टाकतो.

म्हणून मोटर दांड्यापासून तोडली. मुठीच्या चपट्या बाजूवर, जिथे तर्जनी सरळ टेकते, तिथे खाच केली, तळाशी मऊ सिलिकॉनची गादी घातली आणि तिच्यावर मोटर ठेवली. फक्त वरचं बटणाएवढं टोक बोटाला लागतं. वायर सैल आणि लवचिक हवी, ताठ वायरमधूनही कंपन दांड्यात उतरतं.

साधी नाण्याएवढी मोटरही काढली. तिला वेग घ्यायला आणि थांबायला वेळ लागतो, त्यामुळे जलद ठोके एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते. त्याऐवजी एलआरए, म्हणजे गोल न फिरता पुढे-मागे थरथरणारी छोटी मोटर, आणि तिला चालवणारा डीआरव्ही२६०५एल ड्रायव्हर घेतला. हा ड्रायव्हर सुरुवातीला जादा जोर देतो आणि शेवटी ब्रेक लावतो, म्हणून ठोका सुटा, खणखणीत लागतो. अंतर आता कंपनाच्या जोरावरून नाही, दोन ठोक्यांमधल्या वेळेवरून कळतं. कमी-जास्त जोर चालताना ओळखणं अवघड जातं, ठोक्यांची लय पटकन कळते.

फिल्टर लांब न ठेवण्याचं कारणही ताईंच्या चालण्यातच दिसलं. काठी डावी-उजवीकडे फिरते, त्यामुळे डावीकडे भिंत असली की प्रत्येक फेरीच्या डाव्या टोकालाच ठोका येतो. त्यावरून त्या भिंतीला समांतर चालत होत्या. लांब सरासरीने ही दिशा पुसली गेली असती. मात्र समोरच्या माणसामागून त्याच वेगाने चालताना अंतर बदलत नाही, तरी ठोके पडतच राहतात. तिथे आता कोड असा आहे: अंतर घटत नसेल आणि फार कमीही नसेल, तर काही क्षणांनी गप्प बसायचं. घटायला लागलं की ताबडतोब पुन्हा सुरू.

यापुढे पावसाची तयारी. वर बघणाऱ्या सेन्सरच्या जाळीत पाणी साचणारच, म्हणून जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक अल्ट्रासाउंड सेन्सर बसवून बघणार आहे. त्याला सुमारे २० सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, पण तेवढ्या जवळ येईपर्यंत इशारा कधीच देऊन झालेला असतो. डबीचं झाकण त्याच्या मापाने नव्याने काढायला घेतलं आहे.