परड्यातला फणस आणि ३१ दात

२०२३ च्या जुलैत आठवडाभर पाऊस धरून बसला होता, तेव्हा एका रात्री अडीचच्या सुमारास आमच्या परड्यातला फणस पडला. धाडकन आवाज वगैरे काही नाही. चिखलात रुतलेला पाय उपटताना येतो तसा एक लांबलचक आवाज आला, आणि त्यामागून गोठ्याच्या कोपऱ्यातली कौलं फुटली. सकाळी आई झाडाजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "घरावर नाही पडला. पडतानाही बघूनच पडला बिचारा."

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या रस्त्याला. याच रस्त्यानं पुढं गेलं की कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते. इथं पाऊस कसा पडतो ते वेगळं सांगायला नको. अशा मातीत जुनी झाडं बसतातच. पण हे झाड आजोबांनी लावलेलं, त्यामुळं 'जळाऊ म्हणून विकून टाक' हा वखारवाल्याचा सल्ला घरात कुणालाच पटला नाही. त्याच लाकडाचं दार करायचं ठरलं. वखारवाल्याचा हिशोबही चुकीचा नव्हता म्हणा. दोन ओंडक्यांसाठी ट्रॅक्टर, चढवायला चार माणसं, कापाई, आणि पुन्हा आणायचं भाडं. तेवढ्या पैशात तयार दार आलं असतं.

ओंडका वखारीपर्यंत न्यायचा नसेल तर करवत ओंडक्यापर्यंत आणायची. पूर्वी तेच चालायचं. खड्ड्यावर ओंडका टाकून एक करवत्या वर आणि एक खाली, असं दोघं दिवसभर ओढत असल्याचं तात्यांनी लहानपणी पाहिलंय. आता ती जोडी कुठं मिळणार? माझ्याकडं होतं ते चुलतभावाकडून आठ हजाराला घेतलेलं जुनं कटर मशीन, म्हणजे पेट्रोलवर चालणारी चेनची करवत. तो चिकमगळूरकडं कॉफीच्या मळ्यात कामाला होता, तिथलं. ४५ सीसी, १६ इंची बार, म्हणजे जिच्या कडेनं चेन फिरते ती पट्टी. चार वर्षांत मी त्यानं फांद्या आणि जळण यापलीकडं काही कापलं नव्हतं, आणि आपल्याला मशीन चालवता येतं असा माझा समज होता.

आधी कागद. स्वतःच्या परड्यातलं, आपोआप पडलेलं झाड, त्याला विचारायचं कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण आमच्या तालुक्यात २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे, वनखातं जागं असतं, आणि कर्नाटकात झाडांसाठी १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून कन्नडमध्ये अर्ज लिहून घेतला, उतारा जोडला, पडलेल्या झाडाचे फोटो लावले. तीन चकरा झाल्या, त्यातली एक फक्त 'साहेब आज नाहीत' ऐकायला. शेवटी फॉरेस्टर आले, बुंध्यापासून १३७ सेंटीमीटरवर टेप लावून घेर मोजला, १२४ भरला. मी घरीच फळ्या पाडणार म्हटल्यावर त्यांनी मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "घरच्यासाठी काप. उद्या शेजाऱ्याची लाकडं कापून द्यायला लागलास तर ती सॉ मिल झाली, तिला लायसन लागतं." त्यात अतिशयोक्ती नव्हती. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश झाला, तेव्हापासून सॉ मिलचा विषय देशभर कडक झालाय. कागद हातात पडेपर्यंत ऑक्टोबर उजाडला.

मधल्या काळात एक काम बरं केलं. सुतारमामांच्या सांगण्यावरून खोडाचे सहा-सहा फुटांचे दोन तुकडे केले, खाली दगड देऊन जमिनीपासून उचलले आणि कापलेल्या तोंडांना उरलेला ऑइलपेंट फासला. लाकूड तोंडाकडून भराभर वाळतं आणि तिथूनच चिरतं. रंग कमी पडला म्हणून एक तोंड तसंच राहिलं होतं. त्याला विताएवढी चीर गेली.

दिवाळीनंतर मशीन काढलं तर सुरूच होईना. दोरी ओढून ओढून खांदा गेला. दोष माझाच. पावसाळ्याआधी टाकीत पेट्रोल तसंच ठेवलेलं. पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, आणि आमच्याकडं जून ते सप्टेंबर ओलीशिवाय हवेत असतं काय? बेळगावला मिस्त्रीकडं नेलं. कार्बोरेटरमधली रबरी पडदी कडक होऊन पापडासारखी झाली होती. मिस्त्रीनं ती मला दाखवली आणि विचारलं, "तेल किती घालतासा?" मी म्हटलं, "अंदाजानं." त्यावर तो हसला नाही, हे मला जास्त लागलं. लिटरला २० मिली टू-स्ट्रोक तेल, म्हणजे पन्नासास एक. इंजेक्शनची सिरिंज आणून ठेवली, तेव्हापासून अंदाज बंद. आणि मशीन महिनाभर ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं.

चेनही गेलेली होती. नवी घ्यायला दुसऱ्या दुकानात गेलो. १६ इंची म्हटल्यावर काउंटरवरच्या पोरानं एक चेन काढून दिली. घरी चढवली तर बारच्या खाचेत डुलत होती, आणि दोन मिनिटांत खटाखट आवाज करत उतरली. पोरानं बारची लांबी तेवढी ऐकली होती. चेनला तीन मापं असतात आणि ती तिन्ही बारच्या मागच्या टोकाला ठोकलेली असतात. मी चार वर्षं तिथलं तेलकट काळं पुसून कधी बघितलंच नव्हतं. पुसल्यावर दिसलं: .३२५, १.६, ६२. पहिलं पिच. ओळीनं तीन रिवेटांमधलं अंतर मोजून निम्मं केलं की ते येतं. दुसरी खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी, मिलीमीटरमध्ये. तिसरी अशा कड्यांची संख्या. मला मिळालेली चेन पिचलाही चुकीची आणि १.३ जाडीची. दुकानदारानं परत घेतली नाही, 'वापरलेली आहे' म्हणून. दोन मिनिटं!

बरोबर चेन मिळाली, तिला ३१ दात. एक डावा, एक उजवा असे लागतात, पण ३१ विषम, म्हणून एका ठिकाणी सारख्याच बाजूचे दोन शेजारी येतात. पहिल्यांदा मला वाटलं ही पण खराबच दिली.

आता कानस. .३२५ ला ४.८ मिलीमीटरची गोल कानस लागते. ओंडका आडवा कापायचा तर दात ३० अंशांत घासतात. पण ओंडका उभा, म्हणजे रेषांच्या दिशेनं चिरायचा तर कोन उतरवून १० अंशांच्या आसपास आणतात, मग फळीचा पृष्ठभाग जरा गुळगुळीत येतो. ३० ची चेन १० वर आणायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ओसरीवर शिकंज्यात बार पकडून बसायचो, प्रत्येक दाताला मोजून सारखेच हात. तात्या येऊन बघून जायचे. "काय करायलास रे? दोन दिवस झाले घासायलास, लाकूड कधी कापणार?" उत्तर नव्हतं. दातापुढं एक बुटका उंचवटा असतो, दात किती खोल शिरेल ते तो ठरवतो. दात घासून खाली गेला की उंचवटाही सपाट कानशीनं उतरवावा लागतो, साधारण ०.६५ मिलीमीटरचा फरक राहील असा. तो जास्त उतरवला तर मशीन हिसके मारतं. मी एकदा उतरवला. मारतं.

या कामात एक गंमत वाचनात आली होती. जोसेफ कॉक्स नावाचा अमेरिकी लाकूडतोड्या १९४६ मध्ये कुजक्या लाकडात एका भुंग्याची अळी बघत बसला. ती लाकूड आडवं-उभं कसंही सहज कुरतडत होती. तिच्या जबड्यांची नक्कल करून त्यानं चेनचा दात बनवला आणि १९४७ मध्ये ओरेगॉन राज्यात कारखाना काढला. आजची चेन त्याच वळणाची. आमच्या जळणाच्या ढिगात तसल्या पांढऱ्या अळ्या किती तरी निघतात, आम्ही त्या कोंबड्यांना टाकतो.

ओंडक्यावर बार सरळ चालावा म्हणून चौकट लागते. बेळगावच्या उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपची करून घेतली. ती बारला दोन ठिकाणी चिमटते आणि वरच्या बाजूनं सरकते. पहिल्या कापाला ओंडक्याची पाठ गोल असते, म्हणून वर सरळ ॲल्युमिनियमची शिडी स्क्रूनं बसवायची, चौकट तिच्यावरून ढकलायची. नंतरच्या कापांना आधीची सपाटी हीच वाट. चिमट्यांत बारची लांबी जाते, हाती राहतात जेमतेम १२ इंच, आणि ओंडका साडेपंधराचा. मग मामांनी काव लावलेलं सूत मारून सरळ रेघ आखली आणि दोन्ही बाजूंची गोलाई हातानंच उतरवायला लावली. त्यात भुसा निघतच नाही, शेवयांसारखे लांब धागे निघतात आणि चाकाजवळच्या झाकणात कोंबून बसतात. दर पाच मिनिटांनी बंद करून काढायचे. फणसाचा चीक मिसळला की त्याचा लगदा होतो, मग रॉकेल आणि जुना टूथब्रश.

मिस्त्रीनं शिकवलं होतं: भुसा बघ. चुरा मोठा पडला तर चेन धारदार, पीठ पडलं तर बोथट. चौकटीनं पहिली फळी कापायला घेतली आणि खाली नुसतं पीठ. मी थांबलो, ३१ दात घासले. पुन्हा पीठ. पुन्हा घासले. तिसऱ्यांदा मामा वैतागले, "धार लावता लावता चेन संपवशील." मग डोक्यात आलं की १० अंशांच्या चेननं ओंडक्याच्या तोंडाकडून चिरताना पीठच पडणार. मिस्त्रीचं सांगणं आडव्या कापापुरतं खरं होतं. उभ्या कापात खूण वेगळी: मशीन स्वतःहून पुढं सरकायचं सोडून मी ढकलायला लागलो की धार गेली.

एका कापाला बारा-पंधरा मिनिटं. ४५ सीसीला हे काम जडच, खरं तर ६०-७० च्या वरचं हवं. काप संपला की लगेच बंद न करता मिनिटभर हळू चालू ठेवायचं, गार व्हायला. एक टाकी दोन कापांना पुरत नाही. त्यात दुसऱ्या ओंडक्याच्या चौथ्या कापाला ठिणगी उडाली आणि मशीनचा आवाजच बदलला. आत खिळा. भोवती निळसर काळा डाग पसरलेला. आईनं बघितल्याबरोबर सांगितलं, "सासूबाईंचा कंदील टांगायचा खिळा तो." झाडानं तो तीन बोटं आत गिळला होता. नऊ दात गेले. बाकीचे त्यांच्या लांबीला आणायला एक आख्खी सुट्टी, कारण एका बाजूचे दात आखूड राहिले तर काप त्या बाजूला वळतो आणि फळी लाटेसारखी निघते. माझ्या सातव्या फळीत ती लाट अजून आहे.

भीती एकदाच वाटली, तीही चौकटीवर नाही. फांदी तोडताना बारच्या शेंड्याची वरची बाजू दुसऱ्या फांदीला लागली आणि मशीन उसळून तोंडाकडं आलं. पुढच्या दांड्याला मनगट लागून ब्रेक पडला, चेन जागेवर थांबली. त्या दिवशी पुढं काही कापलं नाही. संध्याकाळी ब्रेकची पट्टी उघडून साफ केली. आत भुशाचा थर होता.

अकरा फळ्या निघाल्या, दीड इंची. चेन दर कापाला जवळपास सेंटीमीटरभर लाकूड खाते, म्हणजे ओंडक्यामागं एक अख्खी फळी भुशात. वखारीत पट्ट्याची करवत याच्या पाव वाटा खाते. आई तो पिवळा भुसा पोत्यात भरून गोठ्यात अंथरायला घेऊन गेली.

टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून फळ्यांना दोनदा लावली. कडेच्या पांढरट लाकडाला कीड धरते, गाभ्याला सहसा नाही. मग गोठ्याच्या माळ्यावर दीड-दीड फुटांवर पट्ट्या देऊन थप्पी लावली, पट्ट्या एकावर एक बरोबर ओळीत, वर जात्याची जुनी तळी ठेवली वजनाला. सगळ्यात वरच्या फळीवर खडूनं खूण केली आणि ती दर महिन्याला दुकानातल्या काट्यावर नेऊन तोलायला लागलो. दुकानदार दरवेळी विचारायचा, "विकायची आहे काय?" डिसेंबरात १७ किलो ८००. फेब्रुवारीत १४ किलो ९००. एप्रिलात १२ किलो ८००, मेमध्ये १२ किलो ४००. काटा थांबला म्हणून मी मामांना फोन केला, दार कधी घेता करायला?

ते म्हणाले, "जुलैत एकदा तोल आणि सांग."

जुलैत १२ किलो ९०० भरली.

"होय की," मामा म्हणाले. "आता केलं तर पावसात बसेल आणि मार्चला फटी पडतील. दिवाळीनंतर बघू."